चार पावसाळ्यांत पत्र्याला तांबडा गंज: जस्त गेलं कुठे?

प्रश्न असा आहे. देवगडजवळ, समुद्रापासून चारशे मीटरच्या आत घर. चार वर्षांपूर्वी वडिलांनी कौलं उतरवून जी.आय.चे, म्हणजे जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाचे, पन्हळी पत्रे घातले. चढवण्याआधीच पत्र्यांवर पांढरी भुकटी दिसली होती. आता पागोळ्यांच्या बाजूला, स्क्रूंभोवती आणि पारदर्शक फायबर पत्र्याच्या खालच्या पट्ट्यात तांबडा गंज आला आहे. दुकानदाराने ‘जी.आय. गंजत नाही’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं. आता एक जण म्हणतो सिल्व्हर रंग मारून घ्या, दुसरा म्हणतो सगळं काढून गॅल्व्हल्यूम (ॲल्युमिनियम-जस्ताच्या मिश्रणाचा लेप असलेला पत्रा) घाला, गोठ्यावरही तेच घाला. शिवाय सोलरच्या गरम पाण्याची जी.आय. पाइप पाच वर्षांत सडली, तिचा याच्याशी काही संबंध आहे का?

संबंध आहे. त्याकडे शेवटी येतो. आधी छप्पर.

‘जी.आय. गंजत नाही’ हे वाक्य मी सव्वीस वर्षं गॅल्वनायझिंगच्या, म्हणजे लोखंडावर जस्त चढवण्याच्या, कामात ऐकत आलोय, आणि प्रत्येक वेळी मला त्याचा त्रास होतो, कारण त्यावर विश्वास ठेवून लोक आयुष्याची पुंजी छपरात घालतात. खरं असं आहे की जस्त रोज झिजतं. ते झिजतं म्हणूनच खालचं लोखंड वाचतं. पत्र्यावर जस्त किती आहे आणि तुमच्या हवेत ते वर्षाला किती जातं, एवढाच हिशेब आहे. तुमच्या बाबांची यात काही चूक नाही. हा हिशेब त्यांना कोणी सांगितलाच नाही.

तो आता करू. बाजारात सर्रास मिळणारा साधा जी.आय. पत्रा १२० जी.एस.एम.चा असतो. म्हणजे एका चौरस मीटर पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त. एका बाजूला ६० ग्रॅम. जस्ताची घनता ७.१४, त्यामुळे ६० ग्रॅमचा थर भरतो जेमतेम साडेआठ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). डोक्याच्या केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली तर केसाच्या आठव्या हिश्शाएवढा थर. आपल्याकडे गिऱ्हाईक दुकानात ‘पॉइंट पंचेचाळीस आहे ना, पॉइंट पन्नास आहे ना’ असं पत्र्याची जाडी विचारतं. जाडी म्हणजे मुख्यतः लोखंड. जस्त कोणी विचारत नाही, म्हणून कोणी सांगत नाही.

दुसरी बाजू जस्ताच्या खर्चाची. हवा किती गंजवणारी आहे याचे आयएसओ ९२२३ या मानकात सी-१ पासून सी-५ आणि त्यापुढे सीएक्स असे वर्ग केले आहेत. सी-३ हवेत जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन जातं, सी-४ मध्ये २.१ ते ४.२, सी-५ मध्ये ४.२ ते ८.४. समुद्रापासून चारशे मीटर आणि मध्ये माडांची आडवी रांग नसेल, तर तुमची हवा सी-४ च्या खाली धरणं मला धाडसाचं वाटतं. साडेआठ भागिले २.१. चार वर्षं. तुमच्या पत्र्याने कसलाही दगा दिलेला नाही, त्याच्यापाशी होतं तेवढं सगळं त्याने दिलं.

आता गंज नेमका कुठे सुरू झाला ते बघा, कारण जागाच कारण सांगते.

पागोळ्यांची कडा. वर चढून बघितलंत तर माझा अंदाज आहे की पत्र्याची पाठ अजून करडी, बऱ्यापैकी शाबूत दिसेल, आणि पोट, म्हणजे खालची बाजू, पडवीच्या पुढे आलेल्या हातभर भागात लाल झालेली असेल. कोकणात सगळे पावसाला दोष देतात. पण पत्र्याच्या पाठीला पाऊस आंघोळ घालतो. पश्चिमेचा वारा मीठ आणून टाकतो, ते पाठीवरून वाहून जातं. पोटाला मात्र वारा लागतो आणि पाऊस लागत नाही. तिथे मीठ साचत राहतं. आणि समुद्राचं मीठ म्हणजे स्वयंपाकघरातलं कोरडं मीठ नव्हे, त्यात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. ते हवेत ३३ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असली तरी ओलावा खेचून घेतं. देवगडला हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे जानेवारीच्या उन्हात पत्रा हाताला कोरडा लागतो तेव्हाही त्या मिठाच्या थराखाली बारीक ओल टिकून असते आणि काम चालू असतं.

स्क्रूंभोवतीचा गंज वेगळा. तो बहुधा पत्र्याचा नसून स्क्रूचाच असतो. साध्या सेल्फ-ड्रिलिंग स्क्रूवर इलेक्ट्रोप्लेटिंगचं, म्हणजे विजेने चढवलेलं, जस्त असतं, पाच ते आठ मायक्रॉन, वर पिवळी किंवा पांढरी झाक देणारा पॅसिव्हेशनचा पातळ रासायनिक थर. शिवाय पाना फिरतो तिथे डोक्यावरचा थर खरवडला जातो. पत्र्याच्या आधी स्क्रू संपतो, आणि त्याचं लाल पाणी पत्र्यावर ओघळतं. एक स्क्रू काढून वायसरखालचा पत्रा ओल्या फडक्याने पुसून बघा. डाग निघाला आणि खाली करडा पत्रा दिसला तर दोष फक्त स्क्रूचा. भोकाच्या कडेला पत्रा खाल्ला गेला असेल तर मात्र तो पत्रा गेला असं समजा. स्क्रू मारताना पडणारा लोखंडी चुरा आणि कटरने पत्रा कापताना उडणाऱ्या ठिणग्या, हेही नारिंगी ठिपक्यांचं मोठं कारण. तापलेले कण जस्तात रुतून बसतात आणि पहिल्याच दवाला गंजतात. कटरमुळे कापाच्या कडेचं जस्तही जळतं. पत्रा कात्रीने कापायचा आणि संध्याकाळी छप्पर झाडूनच खाली उतरायचं, एवढी शिस्त मी फॅब्रिकेटरकडे हट्टाने मागतो.

फायबर पत्र्याखालचा पट्टा ही तुमच्या प्रश्नातली सर्वांत बोलकी गोष्ट. घरोघरी दिसते आणि लोक म्हणतात, त्या भागातला पत्रा खराब निघाला. तसं नसतं. पावसाचं पाणी आणि दव किंचित आम्लधर्मी असतं. जस्ताच्या पत्र्यावर पडलं की थोडं जस्त विरघळवून ते शांत होतं आणि तसंच खाली वाहतं, त्यामुळे हा बोजा सगळ्या पत्र्यावर वाटला जातो. फायबरवर पडलेल्या पाण्याला काहीच खायला मिळत नाही. ते भुकेलं खाली उतरतं आणि पहिला जस्ताचा पत्रा भेटेल त्यावर तुटून पडतं. रंगीत पत्र्याच्या उताराखाली उघडा जी.आय. असला तरी हेच होतं. एसीचं ठिबकणारं पाणी त्याहून वाईट, कारण ते तांब्याच्या नळ्यांवरून येतं. तांब्याचा अंशसुद्धा जस्तावर बसला की तिथे खड्डा पडायला सुरुवात होते. असं पाणी पत्र्यावर पडत असेल तर आजच नळी लावून ते बाजूला काढा.

पांढऱ्या भुकटीची गोष्ट यापेक्षा निराळी आहे, आणि तिथे तुमच्या पत्र्याचं थोडं आयुष्य आधीच गेलं होतं. नवं जस्त उघड्या हवेत राहिलं तर आधी त्यावर ऑक्साइड बनतं, मग ओलाव्याने हायड्रॉक्साइड, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचं घट्ट, करडं कार्बोनेट होतं. नव्या पत्र्याची चकाकी काही महिन्यांत मरते ती यामुळेच, आणि ती मेलेली बघून लोक हळहळतात. खरं तर तेव्हाच पत्रा वयात येतो. पण पत्रे थप्पी लावून ठेवले आणि मध्ये पाणी शिरलं, तर दोन पत्र्यांच्या फटीत हवा पोहोचत नाही. हायड्रॉक्साइडवरच गाडी अडते, ते भुसभुशीत, आणि जस्त मात्र पोखरलं जातं. मेच्या शेवटी पत्रे आणून अंगणात ताडपत्रीखाली ठेवले असणार. ताडपत्री पावसापासून वाचवते, पण रात्रीचा घाम आतच कोंडते. कारखान्यात असताना माझ्या हातून वितळलेल्या जस्तात बुडवून चांगला जाड थर दिलेले लोखंडी अँगल ओल्या ट्रकमधून एकावर एक रचून गेले होते. तीन दिवसांनी ते उतरले तेव्हा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होते. तेव्हापासून थप्पी तिरकी, मध्ये लाकडी पट्ट्या, दोन्ही बाजू उघड्या, हे मी कधी चुकवलेलं नाही. भुकटी पातळ असेल तर नायलॉनच्या ब्रशने झाडून पत्र्याला वारा लागू द्यायचा, तो सावरतो. भुकटीखाली काळे डाग असतील तर तिथलं जस्त बरंचसं संपलं आहे.

इथे थोडं थांबून एक मूळ गोष्ट सांगतो, कारण ‘मग जस्त कशाला, निकेल-क्रोम का नाही?’ असं मला नेहमी विचारतात. धातूचा मुलामा लोखंडाला दोन तऱ्हांनी राखतो. एक तऱ्हा भिंतीची. क्रोम, निकेल, कथील हे बाहेरच्या हवेत लोखंडापेक्षा ‘उच्च’ धातू, म्हणजे दोघं एकत्र ओले झाले की आधी लोखंड झिजतं, ते नाही. भिंत अखंड आहे तोवर उत्तम. पण एक टाचणीएवढं छिद्र पडलं की गणित उलटतं: मुलामा सुरक्षित राहतो आणि छिद्रातलं लोखंड दुप्पट वेगाने नव्हे, त्याहूनही झपाट्याने खाल्लं जातं, कारण सगळ्या चकचकीत पृष्ठभागाचा भार त्या एका बिंदूवर येतो. मोटारसायकलच्या क्रोम केलेल्या रिमवर आधी तांबडे ठिपके येतात आणि मग पापुद्रे उचलतात, ते असं. दुसरी तऱ्हा जस्ताची. ते लोखंडापेक्षा ‘खालचं’, म्हणून दोघं एकाच ओलीत असले की जस्त स्वतः जातं आणि लोखंडाला हात लावू देत नाही. पत्र्याला खिळ्याने ओरखडा काढा. आत लोखंड उघडं पडलं तरी दोन-तीन महिने ते लाल होत नाही, शेजारचं जस्त त्याला सांभाळून घेतं. एक-दोन मिलिमीटर रुंदीपर्यंत ते असं सांभाळतं, हातभर नाही. पन्हळी पत्र्याचं पेटंट लंडनमध्ये १८२९ साली निघालं आणि लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याचं पॅरिसमध्ये १८३७ साली. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून हातोड्याचे घाव, भोकं, कापलेल्या कडा सोसूनही पातळ पत्रा जगभर टिकला.

आता काय करायचं ते.

सगळे पत्रे बदलू नका. आधी मोजा. लेपाची जाडी मोजणारं मीटर मिळतं, कारखान्यात आम्ही सरसकट एल्कोमीटर म्हणतो. जवळच्या औद्योगिक वसाहतीत रंगकाम किंवा पावडर कोटिंग करणाऱ्याकडे ते असतं. पाठीवर दहा-बारा ठिकाणी आणि पोटावर तेवढ्याच ठिकाणी टेकवा. चार मायक्रॉनच्या वर आकडे येत असतील तो पत्रा रंगवून वाचतो. तीनच्या खाली असेल आणि लाल झाक उमटली असेल, तर त्यावर रंगाचा खर्च करू नका. माझ्या अंदाजाने समुद्राकडची खालची ओळ आणि फायबरखालचे पत्रे बदलावे लागतील, बाकीचे राहतील.

सिल्व्हरबद्दल स्पष्ट सांगतो: नको. सिल्व्हर म्हणजे ॲल्युमिनियमची भुकटी घातलेला रंग. दिसतो जस्तासारखा, म्हणून वेल्डिंगचे जळके डाग झाकायला फॅब्रिकेटर तो सर्रास फासतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं दुरुस्ती झाली. तो लोखंडासाठी स्वतःला खर्ची घालत नाही. ते काम झिंकरिच प्रायमर करतो, ज्याच्या वाळलेल्या थरात बहुतांश वजन जस्ताच्या भुकटीचं असतं आणि कण एकमेकांना व लोखंडाला टेकलेले असतात. ते टेकायचे तर खाली गंज राहून चालत नाही. लाल जागा पॉलिश पेपरने किंवा तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासायची आणि त्याच दिवशी झिंकरिचचे दोन हात द्यायचे. गंजावर फासलेला झिंकरिच म्हणजे महागडा करडा रंग, त्याहून जास्त काही नाही.

आणि जी.आय.वर थेट ऑइल पेंट कधीही नाही. पहिल्या वर्षी फार सुंदर दिसतो. तेलातली आम्लं जस्ताशी जुळून रंगाखाली चक्क साबण तयार करतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी रंग केळीच्या सालीसारखा सुटतो. चार पावसाळे खाल्लेल्या तुमच्या पत्र्यावर रंग धरेल चांगला, नव्या गुळगुळीत जस्तापेक्षा कितीतरी चांगला, पण मीठ धुतलं गेलं तरच. गोड्या पाण्याने, ब्रशने, दोनदा. मग झिंक फॉस्फेटचा इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलियुरेथेनचा रंग, कारण इपॉक्सी एकटा उन्हात खडूसारखा होतो. जस्तावर नीट बसलेला रंग ही फार ताकदीची जोडी आहे. जस्ताचं आयुष्य अधिक रंगाचं आयुष्य, या बेरजेच्या दीडपट ते दुपटीहून अधिक ती टिकते. रंग जस्ताला झिजू देत नाही, आणि रंगाला चीर पडली तर जस्त खालून गंज फुगू देत नाही.

बदलायच्या पत्र्यांसाठी गॅल्व्हल्यूम चांगलं आहे, तुम्हाला सांगणारा चुकीचं बोलला नाही. त्यात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन असतं. समुद्राच्या हवेत तेवढ्याच जाडीच्या जस्तापेक्षा ते दुप्पट ते चौपट टिकतं. मात्र तिथेही आकडा विचारा. एझेड १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅम, आणि मिश्रण हलकं असल्याने एका बाजूला वीस मायक्रॉन. एझेड ७० घेतलंत तर पुन्हा नावालाच गॅल्व्हल्यूम. तुमच्या जागी मी रंगीत, एझेड १५० घेईन. ते उताराच्या खालच्या ओळीत जाणार असल्याने वरच्या जुन्या जी.आय.ला त्याचा उपद्रव नाही. साधाच जी.आय. घ्यायचा ठरला तर २७५ जी.एस.एम., सव्वाएकोणीस मायक्रॉन. स्क्रू मात्र गॅल्व्हल्यूमच्या तोडीच्या जाड लेपाचे मागा, नाही तर तीन वर्षांनी हीच तक्रार घेऊन बसाल.

दुकानदार सांगतो तो आकडा खरा का, हे पैसे देण्याआधी घरच्या घरी कळतं. साध्या जी.आय.चा दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा काटेकोर कापून घ्या. गावातल्या सोनाराच्या काट्यावर वजन करा, दोन दशांश स्थळांपर्यंत. मग उघड्यावर, हातमोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात प्लास्टिकच्या भांड्यात तो बुडवा. जोरात फसफसेल. जस्त संपलं की बुडबुडे एकदम मंदावतात, तो क्षण डोळ्यांना स्वच्छ दिसतो. लगेच काढा, धुवा, पुसून वाळवा, पुन्हा सोनाराकडे. जितके ग्रॅम घटले त्याला शंभराने गुणा. १.२ ग्रॅम घट म्हणजे १२० जी.एस.एम., २.७५ म्हणजे २७५. मी हे एकदा एका ओळखीच्या शेतकऱ्यासाठी केलं. तुकडा आत जाताना आणि बाहेर येताना सोनारसुद्धा कुतूहलाने काट्याकडे बघत होता. घट आली ०.७८. त्यांनी ते पत्रे घेतले नाहीत. प्रयोगशाळेत आम्लात लोखंड वाचवणारं रसायनही घालतात, त्यामुळे घरच्या आकड्यात किंचित वाढ धरा. फसवणूक पकडायला एवढं पुरतं.

गोठ्यावर गॅल्व्हल्यूम घालू नका. ॲल्युमिनियमला आम्लापेक्षा क्षाराचं वावडं. गोमूत्रातून उठणारा अमोनिया आणि कोंदट ओल त्याला पोटाकडून खाते, आणि उत्पादकांच्या वॉरंटीतून गोठे वगळलेले असतात. ओला सिमेंट गिलावासुद्धा त्याला लागू देऊ नये. गोठ्याला सिमेंटचे पत्रे किंवा कौलं. तुमची उतरवलेली मंगळुरी कौलं मागच्या अंगणात रचलेली असतील, तर ती तिथे चढवा, यापेक्षा चांगलं काही नाही.

आता पाइप. थंड पाण्यात जस्त लोखंडासाठी झिजतं हे वर सांगितलं. पण पाणी साठ अंशांच्या आसपास गेलं की काही प्रकारच्या पाण्यात हे नातं उलटतं, जस्त ‘उच्च’ होऊन बसतं आणि पाइपचं लोखंडच त्याच्यासाठी खड्ड्याखड्ड्याने जाऊ लागतं. रिमवरच्या क्रोमसारखंच. त्यात सोलरच्या तांब्याच्या नळ्यांतून आलेले तांब्याचे अंश असतील तर अधिकच. सोलरच्या पुढे जी.आय. पाइप परत टाकू नका, गरम पाण्यासाठीची सीपीव्हीसी किंवा कंपोझिट टाका. थंड पाण्याची जुनी जी.आय. लाइन तशीच राहू द्या, तिथे हे नातं उलटत नाही.

रंगाचं आणि पत्र्यांचं काम डिसेंबर ते मार्चमध्ये उरका, सकाळचं दव पूर्ण वाळल्यावर. आगोटीच्या घाईत धरलेला रंग पहिल्या मृगात निघतो. आणि एक काम बाबांना सांगा, त्याला पैसे लागत नाहीत: दिवाळीनंतर एकदा आणि होळीनंतर एकदा विहिरीच्या पाण्याची नळी लावून छप्पर धुवायचं. धुताना नळी पत्र्याच्या पोटाकडे धरायची, पागोळ्यांच्या हातभर भागात.